पाणीसाहेबाचा भुकेला कोळसा

मोठा पट्टेवाला मासा आडवा झाला होता. पुरता कुशीवर, एक डोळा छताकडे. टाकीतल्या पाण्यावर बोटभर फेस होता. तळाला पडून राहणारे चार बारके मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि चपटा चंदेरी एका कोपऱ्यात स्वतःभोवती फिरत होता. मी धावत पंचायत समितीच्या कचेरीत गेले आणि पाणीसाहेबाला घेऊन आले. तो चपला टेबलाखाली टाकून अनवाणी निघाला. मे महिन्याची दुपार, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. त्याला चटका कळला नाही.

दारातच त्याने विचारलं, "मावशी, साबण?"

"साबण नाही."

"फिनाईल? ढेकणाचं औषध? अगरबत्ती?"

"काही नाही म्हटलं ना. दुपारी पाण्याची भर घातली, तुम्ही सांगता तशी. बस्स."

त्याने टाकीच्या काचेला नाक लावलं आणि तसाच उभा राहिला.

तो माझा भाडेकरू. नवरा वारल्यावर मोखाड्यातल्या घराची पुढची खोली मी भाड्याने दिली, त्यात तो राहिला. पंचायत समितीत पाणी खात्याला होता. गावोगावच्या विहिरींत औषध टाकायचं, पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला पाणीसाहेब म्हणायचे. तोंडावर मीही साहेबच म्हणायची. पण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, लग्न न केलेला, घरात बनियनवर फिरणारा माणूस. त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करायला मला कधी जमलं नाही.

पहिल्या दिवशी तो जव्हारच्या गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. असं छातीशी धरलेलं की मला वाटलं मूल आहे. मी म्हटलं, "बायको मागून येते का?"

तो म्हणाला, "बायको नाही. काच आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने खोलीत ती काचेची टाकी मांडली, आणि पुढच्या रविवारी तिच्यात समुद्र आणून भरला. खरंच समुद्र. पहाटेच्या गाडीने मोखाड्याहून जव्हार, तिथून डहाणू. भरतीच्या वेळी खडकावर उभं राहून प्लॅस्टिकचे पाच डबे भरायचे आणि एसटीच्या मागच्या सीटखाली घालून आणायचे. मासेही तिथलेच. ओहोटीला खडकांच्या खड्ड्यांत अडकलेले, त्याने गाळणीने धरलेले. महिन्यातून एकदा ही वारी चुकायची नाही. कंडक्टर विचारायचा, "काय साहेब, दूध?" हा म्हणायचा, "खारं आहे, घेणार?"

एकदा जव्हारच्या स्टँडवर एका हवालदाराने त्याला धरला. आमच्या भागात डब्यातून काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हवालदाराचं चुकलं नाही. त्याने डबा उघडला, वास घेतला, वासाने समाधान झालं नाही म्हणून चांगला घोटभर प्यायला. मग स्टँडच्या भिंतीशी जाऊन ओकला. पाणीसाहेबाने त्याला शांतपणे सांगितलं, "पाणी उकळून प्यावं. मी त्याच खात्यात आहे."

ही गोष्ट तो स्वतः कधी हसून सांगायचा नाही. त्याला त्यात विनोद दिसत नव्हता. हवालदार न उकळलेलं पाणी प्यायला एवढंच दिसत होतं.

मोठ्या माशाच्या अंगावर काळे पट्टे होते, म्हणून त्याला तो पट्टेवाला म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. माझा नवरा जन्मभर तहसील कचेरीत पट्टेवाला होता. मी तसं सांगितलं तर म्हणाला, "मग चांगलं नाव आहे की, मावशी. तेही सांगितल्या वेळेला हजर असायचे, हाही असतो." खरं होतं ते. सकाळी आठला तो मासा काचेशी येऊन उभा राहायचा आणि साहेबाच्या बोटातून सुक्या जवळ्याचा चुरा खायचा. सहा वर्षांपूर्वी डहाणूहून आणला तेव्हा नखाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला होता. कचेरीतले लोक म्हणायचे, डोंगरावर समुद्राचा मासा महिनाभर जगणार नाही. त्यांना दाखवायला हाच एक मासा होता. बाकीचे नंतरचे.

माशांवर एवढा जीव, पण मासे खाणं सोडलेलं नव्हतं. टाकीपुढे पाट मांडून बोंबलाचं कालवण ओरपायचा. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? ते बघतात."

"ते पाहुणे, हे जेवण," तो म्हणाला. "पाहुण्याला कोणी खात नाही आणि जेवणाला कोणी जपत नाही."

त्याच्या टाकीला एक मोटर होती. ती पाणी वर ओढायची आणि एका डब्यातून खाली सोडायची. त्या डब्यात कोळसा. हा कोळसा आपल्या चुलीचा नव्हे. मुंबईहून आणलेला, जाड्या चहाच्या पुडीसारखा काळा चुरा, पत्र्याच्या डब्यात. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं. तो म्हणायचा ॲक्टिव्हेटेड कार्बन. मी चौथी शिकलेली, मी म्हणायची कोळसा. आणलेला कोळसा आधी धुवायचा. कपड्याच्या पिशवीत घालून, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. न धुता घातला तर त्याची धूळ माशांच्या कल्ल्यांत बसते. आणि महिना झाला की तो फेकून नवा घालायचा.

माझ्या जावेला हे सहन व्हायचं नाही. ती शेजारीच राहते. ती एक दिवस पोतंभर कोळसा त्याच्या दारात टाकून म्हणाली, "घ्या साहेब. जंगलातला हाय, खैराचा. मुंबईला कशाला जातांव?"

त्याने तिला बसवलं. दोन पेल्यांत पाणी घेतलं, दोन्हींत निळ्या शाईचे दोन-दोन थेंब टाकले. एकात तिचा कोळसा कुटून घातला, दुसऱ्यात आपला. हलवलं आणि म्हणाला, "आता चहा घेऊ." चहा झाला तेव्हा त्याच्या पेल्यातलं पाणी वर स्वच्छ झालं होतं. तिच्या पेल्यातलं निळंच, वर राख तरंगते ती वेगळी.

"तुमचा कोळसा आधीच जेवलेला आहे," तो तिला म्हणाला. "त्याच्या अंगातली भोकं बुजलेली. हा माझा भुकेला आहे. याला भट्टीत पुन्हा तापवून, वाफ देऊन सगळी भोकं उघडलेली असतात. पाण्यात रंग, वास, विष, जे काही विरघळलेलं असेल ते हा ओढून घेतो. पोट भरलं की मग हाही नुसता दगड."

जाऊ उठली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "माणसाला प्यायला नाय, आन् याच्या माशांना पाणी गाळून." तिचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे आषाढात आभाळ फाटतं आणि मेमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. ज्या हातांनी हंडे वाहायचे, त्या हातांना त्याचं कौतुक कशाला वाटेल?

त्याचे नियम मला पाठ होते, कारण तो विहिरींच्या दौऱ्यावर गेला की टाकी माझ्याकडे असायची. साबणाचा हात लावायचा नाही. फोडणी घालताना टाकीवर ओलं फडकं टाकायचं. उन्हाने पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आणि विहिरीतून आणलेलं पाणी त्या दिवशी घालायचं नाही. एक रात्र बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला औषधाचा वास उडून जातो. सगळ्या तालुक्याच्या विहिरींत औषध टाकणारा तोच, आणि घरी येऊन तेच औषध पाण्यातून काढणारा तोच. हे मी एकदा त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "माणसाला जे तारतं ते माशाला मारतं. दोघांना एकच पाणी चालत असतं तर माझी नोकरी अर्धी झाली असती."

त्या भरीच्या पाण्याची बादली वेगळी होती. पांढरी, आणि तिच्यावर त्याने लाल रंगाने 'मासे' असं लिहिलं होतं.

पुढे त्याची बदली झाली. टाकी गोधडीत गुंडाळून गेला, तसाच. एकदा पत्र आलं, त्यात माझ्या तब्येतीबद्दल एक ओळ आणि पाण्याबद्दल दोन पानं. हा माणूस बदलण्यातला नव्हता.

तर ती दुपार, पट्टेवाला आडवा झाला ती. तो काचेपुढे उकिडवा बसला.

"मावशी, खेकडा बघा."

टाकीत एक खेकडा होता, शंखात राहणारा. तो आपला शंख ओढत तळाच्या वाळूवरून आरामात चालला होता, बाजारला निघाल्यासारखा.

"पाण्यातली हवा संपली असती तर हाही वर चढला असता," तो म्हणाला. "मासे मरताहेत आणि याला काही नाही. असं मी कधी पाहिलं नाही."

मी पाहिलं होतं. शंभर वेळा.

माझं माहेर साखरशेतचं. उन्हाळ्यात ओहोळ आटतो आणि मासे डोहात गोळा होतात. तेव्हा आम्ही गेळाच्या काटेरी झाडाची वाळलेली फळं दगडावर ठेचायचो, पाण्यात कालवायचो आणि डोहात सोडायचो. पाण्याला फेस येतो. थोड्या वेळाने मासे वर येतात, तोंडं उघडतात, गोल फिरतात, आडवे होतात. पोरीबाळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हाताने वेचतात. आणि खेकडे? खेकड्यांना काही होत नाही. ते दगडाखालून तसेच चालत जातात.

माझी नजर पांढऱ्या बादलीकडे गेली.

चार दिवसांपूर्वी माझा भाऊ साखरशेतहून बाजाराला आला होता. जाताना म्हणाला, "ताय, एक बादली दे गं, माझी फुटली." मी घरात नव्हते, भांडी घासत होते मागे. म्हटलं, घे तिथली. त्याला वाचता येत नाही. त्याने 'मासे' लिहिलेली बादली नेली. काल ती परत घेऊन आला, पानाखाली ओहोळातले मासे घालून, बहिणीला म्हणून. मी मासे काढून घेतले, तांब्याभर पाण्याने बादली विसळली. मे महिन्यात आम्ही तांब्याभरानेच विसळतो, जास्त पाणी असतं कोणाकडे? मग साहेबाच्या नियमाप्रमाणे भरून रात्रभर ठेवली. त्या बादलीत भावाने गेळ कालवलं असणार, आणि बुडाच्या खाचेत त्याचा गाळ वाळून बसला असणार. तो रात्रभर माझ्या चांगल्या पाण्यात भिजला. दुपारी मी ते टाकीत ओतलं.

गप्प राहिले असते तर त्याला जन्मात कळलं नसतं. पण मासे अजून हलत होते.

मी म्हटलं, "साहेब, मी मारले. गेळ आहे ते." आणि सगळं सांगितलं.

तो रागावला नाही. त्याला रागवायला वेळ नव्हता. त्याने विचारलं, "त्या गेळाने फेस येतो. केस धुता का त्याने?"

"धुतात काही."

"विरघळणारं आहे म्हणजे. गुंगलेला मासा परत उठतो का कधी?"

"ओहोळातून खालच्या चांगल्या पाण्यात वाहून गेला तर उठतो. पण लवकर गेला पाहिजे. उशीर झाला की नाही."

"चांगलं पाणी," तो म्हणाला आणि खाटेखालून डबा ओढला. डहाणूचं पाणी एका डब्यातच उरलं होतं, तेही अर्धं. मी मोठं पातेलं आणलं. ते भरलं. तो पातेल्याकडे बघत राहिला.

"काय बघता? घाला की."

"सगळे मावणार नाहीत, मावशी. पट्टेवाला घातला तर पातेल्यातली हवा तोच संपवेल. बाकीचे पाचही मरतील."

"मग त्याला एकट्याला घाला. सहा वर्षांचा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गाळणीने चार बारके आणि चंदेरी उचलले, पातेल्यात सोडले. पट्टेवाला टाकीतच ठेवला, त्या विषात. मग पत्र्याचा डबा काढून म्हणाला, "आता याचं पोट बघायचं."

वर्षभराचा कोळसा होता तो. पण कोरडा, न धुतलेला. आणि दुपारपासून वीज गेलेली, मोटर बंद.

धुवायला पाणी माझ्या घरात दोन हंडे. सकाळी दोन तास रांगेत उभं राहून आणलेले. मी विचार केला नाही, पहिला हंडा ओतला. काळं पाणी आलं. दुसरा ओतला. अजून काळंच. तेवढ्यात जाऊ दारात आली, कमरेवर हंडा.

"काय गो, कोण मेला?"

"अजून कोणी नाही."

"मंग ह्यो रडतंय कशाला?"

"रडत नाही. घाम आहे. हंडा दे तुझा."

"माझा?" ती म्हणाली. "माशांना?"

"माझ्या हातून झालंय," मी म्हटलं. "माशांना नको देऊ. मला दे."

तिने हंडा खाली ठेवला. "उद्या इहिरीवर माझा नंबर तू लावायचा. पहाटचा. आन् भरून तूच आणायचा."

"आणीन."

तिसऱ्या हंड्याला पाणी नितळ झालं. मी तांदूळ धुवायची रोवळी काढली, बांबूची. तिच्यात जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला, त्यावर सगळा कोळसा. रोवळी टाकीवर दोन काठ्यांवर ठेवली. मग मी तांब्याने टाकीतलं पाणी काढून रोवळीत ओतायला लागले. पाणी कोळशातून खाली टाकीत. पुन्हा वर, पुन्हा खाली. माझा हात भरला की जाऊ. ती ओतताना बडबडत होती, "लगीन केलं असतंस साहेबा, तर हे धंदे नसते." पण तांब्या थांबला नाही.

साहेब दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घालून उभा होता. पट्टेवाला त्याच्या ओंजळीत. रोवळीतून पाणी जिथे पडत होतं तिथे त्याने माशाचं तोंड धरलं होतं, म्हणजे गाळलेलं पाणी आधी त्याच्या कल्ल्यात जावं. मासा फडक्यासारखा पडून होता. तासभर तो असाच उभा होता. नाकावर माशी बसली तरी त्याने हात काढला नाही. मी उडवली.

"फेस बघा," तो मधेच म्हणाला.

मी बघितलं. बोटभर होता तो नखाएवढा झाला होता. मी आणखी जोरात ओतलं. काही वेळाने फेस टाकीच्या कडेला नुसती पांढरी रेघ होऊन राहिला, आणि मग पाणी पडलं तिथे फेस येईनासा झाला. नुसते बुडबुडे, येणारे आणि फुटणारे.

"खाल्लं," तो म्हणाला. "खाल्लं सगळं."

"कोळशाने खाल्लं. याचं काय?" मी माशाकडे बोट दाखवलं.

आम्ही ओतत राहिलो. ऊन दारातून मागे सरकून ओटीवर गेलं होतं तेव्हा साहेब एकदम म्हणाला, "थांबा!" त्याने ओंजळ थोडी उघडली. माशाने शेपूट एकदा मारलं. मग दुसऱ्यांदा. मग तो ओंजळीतून बाहेर पडला, वाकडा, दारू प्यायलेल्या माणसासारखा. काचेला आपटला आणि सरळ उभा राहिला. पाण्यात, पोट खाली, पाठ वर.

साहेब पाठीमागच्या खाटेवर बसला. त्याच्या बोटांची कातडी पांढरी होऊन सुरकुतली होती. जाऊ रिकामा हंडा उचलून निघाली. "पहाटेला हां," म्हणाली.

मी पातेल्याकडे गेले. त्याच्याकडे आम्ही कोणी बघितलंच नव्हतं.

पातेल्यातली हवा पाचांनाही पुरली नसावी. चंदेरी आणि दोन बारके मेलेले होते. दोन बारके जगले. टाकीत पट्टेवाला जगला, आणि खेकडा.